राज्य पुरस्काराचा फॉर्म आलाय, पण पोराला अजून बोलाइनची गाठ येत नाही

आजऱ्याचीलेक
नमस्कार मंडळी. स्काऊटबद्दल जाणकारांना विचारायचं आहे.

मुलगा आठवीत आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे सातवीत, शाळेच्या स्काऊट पथकात गेला. सप्टेंबरमध्ये दीक्षाविधी झाला. त्या रात्री गळ्यातला स्कार्फ न काढताच झोपला होता. तेव्हापासून शनिवारी सकाळी त्याला उठवावं लागत नाही, यावरून काय ते समजा.

परवा शाळेतून निरोप आला. राज्य पुरस्काराचा फॉर्म भरायचा आहे, प्रगती पुस्तिका ‘पूर्ण करून’ उद्या पाठवा. पुस्तिका उघडली तर सगळ्या सोपानांच्या, म्हणजे स्काऊटच्या पायऱ्यांच्या, तारखा आधीच टाकलेल्या. आम्ही फक्त त्यांच्यासमोर काय काय केलं ते लिहायचं. द्वितीय सोपान पूर्ण झाल्याची तारीख मे महिन्यातली आहे. मे महिनाभर तो आजऱ्याला माझ्या आईकडे होता. त्या आठवड्यात त्यानं काय केलं ते मला नीट आठवतं, कारण काजूच्या बोंडांचा डाग पांढऱ्या शर्टाला लावून घेतला आणि तो डाग अजून माझ्या नशिबी आहे.

तर प्रश्न असा. सोपानांना काही मुदत असते का, की जमेल तसं उरकायचं? आणि मी शाळेत बोलले तर पोराचं नुकसान होईल का? मिस्टर म्हणतात, गुण मिळतात ना, मग कशाला काड्या करतेस. मुलगा काहीच बोलत नाही. खिडकीच्या गजाला दोरी बांधतो आणि सोडतो.

तांबडापांढरा
भरा की ताई फॉर्म. सगळे भरतात. दहावीला वाढीव गुण कुणाला नको असतात?

जुना_संघनायक
ताई, मुदत असते आणि ती अगदी स्पष्ट आहे. दीक्षेआधी ३ महिने. मग प्रथम सोपानाला ६ महिने, द्वितीयला ९, तृतीयला ९, आणि तृतीय झाल्यावर राज्य पुरस्कारासाठी आणखी ९. बेरीज ३६ महिने, म्हणजे तीन वर्षं. यातला एकही महिना ‘साधारण’ नाही, ‘किमान’ आहे. राष्ट्रपती पुरस्कार त्याच्याही पुढचा.

आता तुमच्या चिरंजीवांचा हिशोब करू. दीक्षा सप्टेंबरमध्ये. प्रथम सोपान मार्चमध्ये. तिथून ९ महिने धरले तर द्वितीय सोपान येत्या डिसेंबरात. म्हणजे आज तो द्वितीयच्या शेवटच्या टप्प्यात आहे, तृतीयला अजून हातही लागलेला नाही. आणि फॉर्म आलाय त्याच्याही पुढच्या पायरीचा.

पण पुढे मोजा. तृतीय सोपान पुढच्या सप्टेंबरात, नववीत. राज्य पुरस्काराची पात्रता त्यानंतरच्या जूनमध्ये, दहावीच्या सुरुवातीला. खोटी तारीख न टाकताही बोर्डाच्या परीक्षेच्या आत बसतंय. मग ही घाई कुणाची आणि कशासाठी, हे शाळेला विचारायला हरकत नाही.

पेठेतलानाना
बायको पण हेच म्हणते, ‘मोजून बघा, बसतंय का.’ ती पँटबद्दल म्हणते.

तांबडापांढरा
@जुना_संघनायक, कागदावर बसतंय हो. पण राज्य पुरस्काराचं शिबिर वर्षातनं एकदा. त्या वेळी पोरगं आजारी पडलं किंवा शाळेनं पाठवलंच नाही, तर? दहावीत कुठली शाळा पोराला चार-पाच दिवस शिबिराला सोडते? म्हणून शाळा आठवीतच उरकतात. व्यवहार बघा जरा.

खडू_आणि_शिट्टी
मी बावीस वर्षं स्काऊट मास्तर होतो. या धाग्यावर शाळेला शिव्या पडायच्या आत दोन शब्द लिहितो.

नियमाने एका संघात ६ ते ८ मुलं आणि पथकात जास्तीत जास्त ३२. प्रत्येकाची प्रत्येक बाब वेगळी तपासायची. गाठी घ्या. व्हिपिंग (दोरीचं टोक उसवू नये म्हणून गुंडाळतात ते), रीफ, शीट बेंड, क्लोव्ह हिच, शीपशँक, बोलाइन, फिशरमन. ३२ मुलं गुणिले ७. त्यानंतर प्रथमोपचार, होकायंत्र, मागाच्या खुणा, शिट्टीचे आणि हाताचे संकेत, ध्वजाची माहिती, चूल, तंबू. आणि वेळ? आठवड्याची एक तासिका. त्या तासिकेला एकदा मतदारयादी, एकदा सर्वेक्षण, एकदा ‘ही माहिती आत्ताच्या आत्ता ऑनलाइन भरा’. शिवाय मी गणिताचाही शिक्षक, त्यामुळे जानेवारी लागला की मुख्याध्यापक स्काऊटची तासिका माझ्याच हातून काढून मलाच गणिताला द्यायचे.

तारखा मीही टाकल्या आहेत. एकदाच नाही. एका वर्षी संध्याकाळी घरी बसून चोवीस पुस्तिका भरल्या, आणि शाईचा रंग सारखा दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. शेजारी बसून तिनं विचारलं, ‘बाबा, हे आमच्या पाढ्यांच्या वहीसारखं आहे का? मॅडम बघत नाहीत म्हणून?’ त्यानंतर बंद केलं असं म्हणणार नाही. कमी केलं.

शिरोळचापाहुणा
सर, तीन पेनं! नाद खुळा.

जुना_संघनायक
सर, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम, तीन बोटांचा. पण सगळं तपासायचं ओझं मास्तरांनी एकट्यानं उचलायचं असं कुठे आहे? संघपद्धती त्यासाठीच तर आहे. बेडन-पॉवेलनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच पोरं चार संघांत वाटली होती आणि प्रत्येक संघाचा कारभार संघनायकाकडे दिला होता. आमच्या वेळी गाठी मला सरांनी शिकवल्याच नाहीत. गरुड संघाच्या नायकानं शिकवल्या. चुकलं की दोरीच्या टोकानं पाठीवर एक बसायची, हे काही नियमात नव्हतं म्हणा.

सरांपुढे उभं राहायचं ते फक्त चाचणीला. आणि वरच्या पायऱ्यांची चाचणी तर शाळेकडे राहतही नाही. तृतीय सोपान जिल्ह्याच्या पातळीवर, राज्य पुरस्कार राज्याच्या शिबिरात, बाहेरच्या परीक्षकांपुढे. @आजऱ्याचीलेक, हे नीट लक्षात घ्या. पुस्तिकेत काहीही लिहा, तिथे परीक्षकाने दोरी हातात दिली की पुस्तिका उपयोगाची नाही.

तांबडापांढरा
तिथंपण ‘सांभाळून घ्या’ चालतं, भावा. आपण कुठल्या देशात राहतो?

रंकाळ्यावरची
गाईडची बाजू कुणी मांडतच नाही म्हणून लिहितो. आमच्या संघाचं नाव कमळ. पोरांना गरुड, वाघ, सिंह आणि आम्हाला फुलं. तेव्हा राग यायचा, पण तंबू आमचाच आधी उभा राहायचा, कारण आमच्या बाईंनी खुंटी कशी तिरकी ठोकायची ते एकदा दाखवलं आणि नंतर दिवसभर आमच्याकडे बघितलंच नाही. मी शिबिराला गेलो तेव्हा घरून पहिल्यांदाच दोन रात्री बाहेर राहिलो. वडील दुसऱ्या दिवशी सायकलवरून बघायला आले आणि कुंपणाबाहेरनंच परत गेले, आत येऊन लाज काढली नाही.

बिनभांड्यांच्या स्वयंपाकाला मी कांदा पोखरून त्यात अंडं फोडलं आणि निखाऱ्यात ठेवलं. वरनं जळका कांदा, आत मऊ अंडं. त्याच्या तोडीचं अंडं मी नंतर कुठे खाल्लेलं नाही.

मुळामुठा
दादा, गाईडमध्ये मुलांनाही घेतात का? ‘मी गेलो’, ‘मी राहिलो’ वाचून गोंधळलो.

रंकाळ्यावरची
मी बाई आहे हो. कोल्हापूरची. आम्ही ‘मी येतो’ असंच म्हणतो. पुण्याहून आलेल्यांनी आधी भाषेचं प्रथम सोपान पास करावं.

पेठेतलानाना
दीक्षेआधी किमान ३ महिने महाद्वार रोडवर राहणं सक्तीचं.

मुळामुठा
मान्य. फॉर्म कुठे मिळेल? तारखा आधीच टाकलेल्या असतील तर बरं.

शिरोळचापाहुणा
😂😂 हा धागा मुळामुठांनी मारला.

चिखलीकर
उशिरा आलो. कुणीतरी ‘गाठी शिकून काय मिळतं’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट सांगतो.

आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. पाणी चढायला लागलं तेव्हा माणसं आधी निघाली, जनावरं गोठ्यात. चुलता आणि मी रात्री परत गेलो. म्हशी दावणीला. कासरा भिजून फुगलेला, म्हैस मागं ओढत्ये आणि दाव्याला निरगाठ. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात ती निरगाठ सुटेना. चुलत्यानं शेवटी विळ्यानं दावं कापलं. दुसऱ्या म्हशीला मी स्वतः बांधलं होतं, सुरगाठ मारून. टोक ओढलं, सुटली.

मला ही अक्कल स्काऊटमध्ये आली. आमच्या सरांचं एकच म्हणणं असायचं. गाठ बसली पाहिजे, धरली पाहिजे, आणि पाहिजे तेव्हा सुटली पाहिजे. तिसरी गोष्ट येत नसेल तर तो नुसता गुंता. बोलाइन एवढी का घोकून घेतात? कारण माणसाच्या कमरेला बांधून ओढलं तरी तिचा फास आवळत नाही, आणि काम झाल्यावर भिजलेली असली तरी मोडून सोडता येते. रीफनं दोन दोऱ्या जोडून त्यावर माणूस लोंबकळवायचा नाही, ती सरकते. रीफ बँडेजला, कारण ती चपटी बसते, टोचत नाही. हे पुस्तकात असतं. पण पाण्यात आठवतं तेव्हा हाताला आठवतं, डोक्याला नाही. हाताला यायला वेळ लागतो. ते ६ महिने, ९ महिने त्यासाठी असावेत असं मला वाटतं.

आजऱ्याचीलेक
@चिखलीकर, वाचून अंगावर काटा आला. मुलाला वाचून दाखवलं. त्यानं एवढंच विचारलं, ‘कापलेली म्हैस वाचली?’

चिखलीकर
म्हैस नाही हो कापली, दावं कापलं! वाचली. दोन्ही वाचल्या. सांगा त्याला, पांढऱ्या कपाळाची होती, अजून दूध देते.

रेल्वेलाइन
अवांतर विचारतो. रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा असतो ना? भाच्यानं शाळेत राज्य पुरस्कार मिळवलाय, चालेल का?

जुना_संघनायक
कोटा असतो, पण जागा फार थोड्या. आणि तिथे राष्ट्रपती स्काऊट, गाईड, रोव्हर, रेंजर (मोठ्या वयाचे स्काऊट-गाईड) किंवा हिमालय वुड बॅज (स्काऊट मास्तरांच्या वरच्या प्रशिक्षणाचा) लागतो. राज्य पुरस्कारावर भागत नाही. शिवाय आधीची काही वर्षं सलग स्काऊटिंगमध्ये कार्यरत असावं लागतं. जाहिरात निघाली की अटी अक्षर न् अक्षर वाचा. शाळा सुटली आणि स्काऊट सुटला, असं झालं असेल तर भाच्याला अवघड आहे. महाविद्यालयात रोव्हरचं पथक असेल तर त्यात जाऊ दे.

बिंदूचौक_बुद्धिवादी
मूळ विषयापेक्षा मला दीक्षेवेळच्या वचनाचा प्रश्न पडतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडून ईश्वराच्या नावानं वचन घ्यायचं, आणि मग त्याच मुलाच्या पुस्तिकेत शाळेनं खोटी तारीख टाकायची. यापेक्षा दहा नियमही नकोत आणि वचनही नको.

खडू_आणि_शिट्टी
साहेब, दहा नाहीत. भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे नियम ९ आहेत. इंग्लंडातही सुरुवातीला ९ होते, दहावा नंतर आला. आणि वचनात ‘ईश्वर’ शब्द नको असेल तर त्याच्या जागी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. ती सोय नियमातच आहे, मी पळवाट सांगत नाही.

बिंदूचौक_बुद्धिवादी
‘ईश्वर’ नको असेल तर ‘धर्म’? म्हणजे मिसळ नको असेल तर कट घ्या.

पेठेतलानाना
कटाचा अपमान सहन केला जाणार नाही.

खडू_आणि_शिट्टी
कर्तव्य या अर्थानं धर्म, अशी आम्ही मुलांना फोड करून सांगायचो. पटलं नाही तरी हरकत नाही. बाकी तुमचा मुद्दा खरा आहे. नऊतला पहिलाच नियम विश्वासार्ह असण्याचा आहे. माझ्या तीन पेनांना तो ठाऊक होता.

शिरोळचापाहुणा
आमच्या शाळेत आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) होतं. पांढरे हातमोजे घालून रस्त्यावर उभं राहायचं आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी आम्हाला बघून हसायचं. सोपान वगैरे काही नव्हतं, त्यामुळे खोट्या तारखाही नव्हत्या. सुखी होतो.

ऊसवाला
खरी कमाईचं कुणी लिहिलं नाही. आम्हाला आठवडाभर काम करून पैसे आणायचे होते. मी एसटी स्टँडवर बूटपॉलिश केलं. दोस्तानं आईकडनं पन्नास रुपये घेतले आणि ‘बागकाम’ लिहिलं. त्यांच्या घरी बाग म्हणजे तुळशीचं एक वृंदावन. माझे जमले साडेसतरा रुपये. शाळेत त्याचं नाव फळ्यावर आलं, माझं नाही. ताईंच्या पोराला आज काय वाटत असेल ते मला चांगलं कळतं.

तांबडापांढरा
ऊसवाले, मग तो दोस्त आज काय करतो?

ऊसवाला
बागकामाची कंत्राटं घेतो. हसू नका, खरंच.

जुना_संघनायक
@ऊसवाला 🙏

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मागेच राहिला. शाळेत बोलण्याचा. तक्रार म्हणून जाऊ नका. नुसतं विचारा की मुदत पूर्ण झाल्यावर फॉर्म भरला तर चालेल ना, तोवर द्वितीय आणि तृतीय नीट करून घेऊ. पुस्तिका कोरी परत द्या, भरून नको. मास्तर वाईट असतीलच असं नाही. बहुतेक वेळा वरून ‘आपल्या शाळेचे किती?’ असा आकडा मागितलेला असतो. घरी पोराकडून काही करून घ्यायचं असेल तर प्रावीण्य पदकांकडे बघा. प्रथमोपचार, सायकलिंग, स्वयंपाक, यांतली काही पुढच्या पायऱ्यांना लागतातच. आणि रोजच्या सत्कृत्याची डायरी. ती रोजच लिहावी लागते, एका रात्रीत लिहिली की ओळखू येते. सगळ्या सत्कृत्यांत म्हातारीला रस्ता ओलांडून दिलेला असतो. कोल्हापुरात एवढ्या म्हाताऱ्या रस्ता ओलांडत नाहीत.

खडू_आणि_शिट्टी
सहमत. मास्तरांशी मुलानंच बोललं तर आणखी बरं. ‘सर, मला बोलाइन अजून येत नाही’ असं स्काऊटनं येऊन सांगितलं तर मी तरी त्याला हाकलला नसता.

आजऱ्याचीलेक
सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

काल मी जाणार होते. मुलगा म्हणाला, मी सांगतो. मधल्या सुट्टीत सरांकडे गेला आणि पुस्तिका दिली. सर म्हणाले, तू नसशील तर दहाचे नऊ होतील. हा म्हणाला, मे महिन्यात मी आजऱ्याला होतो. सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग ‘बरं, डिसेंबरात चाचणी घेतो’ एवढंच म्हणाले. रागावले की नाही, ते याला सांगता आलं नाही. मे महिन्याच्या तारखेवर रेघ मारून बाजूला सही केली आहे. मिस्टर अजून माझ्याशी तुटक बोलतात, वाढीव गुणांचं दुःख मोठं आहे. बाकीच्या नऊ जणांचे फॉर्म गेले. त्यातले दोघं याचे जवळचे मित्र आहेत आणि काल संध्याकाळी ते खेळायला आले नाहीत, हे मात्र मला टोचतंय.

ऊसवाला
येतील. आठ दिवस द्या.

तांबडापांढरा
माझं मत बदललेलं नाही. पण पोरगं वाघ आहे.

रंकाळ्यावरची
वाघ नको, कमळ म्हणा.

आजऱ्याचीलेक
एक शेवटचं विचारते. घरात आहे ती नायलॉनची दोरी, गाठ मारली की सरकते. सरावाला कुठली घ्यायची?

चिखलीकर
नायलॉन नको, पोराला वाटेल आपलंच चुकतंय. सुती घ्या, करंगळीएवढी जाड, तीन मीटरचे दोन तुकडे. लक्ष्मीपुरीत विचारा, किलोवर देतात. टोकं जाळू नका, सुती दोरी जळून चिकटत नाही. दोन्ही टोकांना त्याच्याकडून व्हिपिंग करून घ्या. ते प्रथम सोपानातलं आहे, त्याला यायला हवं.

आजऱ्याचीलेक
त्याला विचारलं. येत नाही म्हणाला.

खडू_आणि_शिट्टी
रविवारी सकाळी रंकाळ्यावर पदपथाच्या बाजूला मी रोज फिरायला असतो तसा असेन. दोरी घेऊन या दोघंही. त्या दोन मित्रांनाही आणलं तर चालेल. पेन एकच आणतो.